रात्रपाळीची नायिका : लुपिता तोवार

पडद्यामागचा (धागालेखक)

१९३० सालच्या ऑक्टोबर महिन्यात कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सल स्टुडिओत दिवसभर टॉड ब्राउनिंग यांच्या 'ड्रॅक्युला'चे चित्रीकरण चाले. संध्याकाळी ती मंडळी घरी गेली की त्याच सेटवर, त्याच जिन्यांवर आणि त्याच कोळिष्टकांमध्ये नटनट्यांचा दुसरा संच उभा राही आणि पहाटेपर्यंत तेच कथानक स्पॅनिशमध्ये चित्रित करत असे. या रात्रपाळीच्या संचात एक वीस वर्षांची मेक्सिकन मुलगी होती. मध्यरात्री जेवण, पहाटे घर आणि दिवसा झोप, असा तिचा तेव्हाचा दिनक्रम होता. तिचे नाव लुपिता तोवार.

मी तिला प्रथम पाहिले ते 'ड्रॅक्युला'च्या जुन्या डीव्हीडीवर. मूळ इंग्रजी चित्रपटाबरोबर स्पॅनिश आवृत्तीही त्या तबकडीवर होती, आणि तिच्या सुरुवातीला वयोवृद्ध झालेली लुपिता स्वतः येऊन त्या रात्रींबद्दल चार शब्द बोलत होती. इंग्रजी चित्रपटातला ड्रॅक्युला, बेला लुगोसी, याला पाहायला बसलेला मी पुढचे काही महिने तिच्याविषयी मिळेल ते वाचत राहिलो. तिची कारकीर्द मोठी म्हणावी अशी नाही. तिच्याच काळातील दोलोरेस देल रिओ आणि लुपे वेलेस या मेक्सिकन अभिनेत्रींची नावे तिच्यापेक्षा कितीतरी अधिक गाजली. तरीही मला ती महत्त्वाची वाटते, कारण चित्रपट बोलू लागल्यावर जगाचा पडदा भाषांमध्ये कसा वाटला गेला, हे तिच्याइतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात दिसत नाही. तिची भाषा हीच तिची अडचण होती, आणि पुढे दोनतीन वर्षे तीच तिचे भांडवल ठरली.

तिचा जन्म २७ जुलै १९१० रोजी ओआहाका प्रांतातील मातियास रोमेरो या गावी झाला. तेउआंतेपेकच्या संयोगभूमीवरून दोन महासागरांना जोडणारा जो लोहमार्ग जातो, त्यावरचे हे रेल्वेचे गाव आहे. वडील एहिदियो तोवार रेल्वेत नोकरीला होते. आई मेरी सुलिव्हन हिच्या घराण्यात आयरिश आणि मेक्सिकन असे दोन्ही वंश होते. लुपिता नऊ भावंडांत थोरली होती, परंतु त्यांतील अनेक भावंडे बालपणीच दगावली. तिच्या जन्मानंतर चारच महिन्यांत मेक्सिकोत क्रांतीचा भडका उडाला, त्यामुळे तिचे बालपण अस्थिरतेत आणि टंचाईत गेले. १९१८ साली हे कुटुंब मेक्सिको सिटीत आले आणि ती ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत जाऊ लागली.

तिला शोधले ते कोणा दलालाने नव्हे, तर 'नानूक ऑफ द नॉर्थ' या प्रसिद्ध माहितीपटाचे कर्ते रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी. फॉक्स कंपनीसाठी नवे चेहरे हेरण्याकरिता ते मेक्सिको सिटीत आले असता नृत्याच्या वर्गातील काही मुलींची त्यांनी पडदाचाचणी घेतली, आणि लुपिता पहिली आली. सहा महिन्यांची उमेदवारी आणि त्यानंतर आठवड्याला १५० डॉलर देणारा सात वर्षांचा करार, असे बक्षिसाचे स्वरूप होते. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. अखेर आईची आई, म्हणजे लुपिताची आजी लूसी सुलिव्हन, सोबत जाईल या अटीवर मार्ग निघाला आणि १९२८च्या नोव्हेंबरात आजी-नात हॉलीवूडला पोहोचल्या. तिथे तिला रोज तासभर इंग्रजीचा आणि अर्धा तास अभिनयाचा पाठ दिला जाई. त्याशिवाय आठवड्यातून काही तास गिटार आणि स्पॅनिश नृत्य यांचे शिक्षण असे. मेक्सिकन मुलीला स्पॅनिश नृत्य हॉलीवूडमध्ये शिकावे लागावे, यातील विनोद तिच्याही लक्षात आला असेलच.

सुरुवातीची कामे मूकपटांतील आणि किरकोळ होती. तेवढ्यात बोलपट आला. मूकपटात उच्चाराला किंमत नव्हती. डोळे, हालचाल आणि चेहरा एवढ्यावर काम भागत असे. आता मात्र तोंड उघडावे लागणार होते आणि तिचे इंग्रजी अजून कच्चे होते. फॉक्सचे काम संपले. परत जाण्याच्या विचारात असलेल्या या मुलीची गाठ युनिव्हर्सलमधील पॉल कोनर या तरुण निर्मात्याशी पडली. बोहेमियातील टेप्लित्स गावच्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा युनिव्हर्सलचे संस्थापक कार्ल लेमली यांच्यामागोमाग अमेरिकेत आला होता. इंग्रजी बोलपट परदेशात चालेनात म्हणून लेमली चिंतेत होते. स्टुडिओ रात्री रिकामाच असतो, तर त्याच सेटवर स्पॅनिश नटांना घेऊन तेच चित्रपट थोड्या खर्चात करावेत, असे कोनर यांनी त्यांना सुचवले. त्यातून १९३० साली आधी 'ला वोलुंताद देल म्वेर्तो' हा भयपट झाला आणि लगेच 'द्राकुला'. दोन्हींचे दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्ड, आणि दोन्हींची नायिका लुपिता.

तिच्या 'सान्ता' या मेक्सिकन बोलपटाविषयी प्रतिसादांमध्ये सविस्तर लिहीन, कारण तो खरे तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे. इथल्या जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

---

जुना_तिकीटवाला

लेख आवडला. स्पॅनिश 'द्राकुला' इंग्रजीपेक्षा सरस आहे असे हल्ली सर्रास म्हटले जाते, त्यावर थोडे लिहितो. छायालेखक जॉर्ज रॉबिन्सन यांचा कॅमेरा खरोखरच अधिक मोकळेपणाने फिरतो. या चमूला दिवसा घेतलेली दृश्ये पाहण्याची सोय होती, त्यामुळे इंग्रजी चमूने जे केले त्यापेक्षा चांगले काय करता येईल याचा विचार करायला त्यांना रोज संधी मिळत होती. हा चित्रपट सुमारे १०४ मिनिटांचा आहे, म्हणजे इंग्रजी चित्रपटापेक्षा जवळजवळ अर्ध्या तासाने लांब. त्यामुळे इंग्रजीत वाऱ्यावर सोडलेले काही धागे इथे जुळतात. रक्तपिपासू बनलेल्या लूसीचे, म्हणजे नायिकेच्या मैत्रिणीचे, पुढे काय झाले, हे इंग्रजी चित्रपट सांगतच नाही. इथे ते प्रेक्षकाला समजते.

तरीही मुख्य पात्राचे काय? लुगोसी यांच्या जागी असलेले कार्लोस व्हिलारियास डोळे वटारतात, दात दाखवतात आणि भीतीऐवजी हसू आणतात. सगळ्या नटांत केवळ त्यांनाच लुगोसी यांची दृश्ये पाहू दिली होती आणि तसेच करावे अशी अपेक्षा होती. नक्कल करायला सांगितलेल्या नटाला दोष तरी किती द्यावा? परंतु ज्या चित्रपटात ड्रॅक्युलाच दुबळा आहे, त्याला सरस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

रीळवेडी

मला तिकीटवाल्यांचे अर्धेच पटते. काउंट, म्हणजे ड्रॅक्युला, दुबळा आहे हे मान्य; पण ती उणीव भरून काढते ती लुपिताच. इंग्रजी आवृत्तीत हेलन चँडलर यांची मीना सुरुवातीपासूनच आजारी आणि धूसर वाटते, त्यामुळे तिच्यात झालेला बदल फारसा जाणवत नाही. लुपिताची एव्हा मात्र आधी हसरी, धीट, थोडी अल्लड मुलगी आहे. काउंटचा प्रभाव पडल्यावर ती खचत नाही, उलट तिच्यात एक विचित्र तरतरी येते. गच्चीवरच्या दृश्यात ती आपल्या प्रियकराच्या गळ्याकडे झेपावते, तेव्हा तिच्या डोळ्यांत जी भूक दिसते ती १९३१च्या पडद्यावर दुर्मीळच म्हणावी लागेल. तिला दिलेले रात्रीचे वस्त्रही चँडलर यांच्यापेक्षा बरेच उघडे होते. ते पाहून आपल्यालाच धक्का बसल्याचे तिने पुढे मुलाखतींत हसत सांगितले आहे.

दिग्दर्शक मेलफर्ड यांना स्पॅनिश येत नव्हते, हेही नोंदवायला हवे. ते दुभाष्यामार्फत सूचना देत. संवाद कळत नसलेल्या दिग्दर्शकापुढे नटाला आपला स्वर आपणच सांभाळावा लागतो. वीस वर्षांच्या मुलीने तो सांभाळला, याचे मला जास्त कौतुक वाटते.

---

शब्दखुणा

भाषेविषयी थोडे. त्या काळच्या हॉलीवूडला 'स्पॅनिश' ही एकच सलग गोष्ट वाटत असे. 'द्राकुला'ची पात्रयोजना पाहा: काउंट स्पेनमधल्या कोर्दोबाचा, नायक बॅरी नॉर्टन अर्जेंटिनाचा, तर नायिका आणि व्हॅन हेल्सिंग झालेले एदुआर्दो आरोसामेना मेक्सिकोचे. एकाच घरात वावरणारी ही माणसे तीन देशांचे उच्चार करतात. हॉलीवूडमध्ये बनणाऱ्या अशा चित्रपटांवरून स्पॅनिश भाषक जगात त्या वेळी चांगलाच वाद पेटला होता. माद्रिदची वृत्तपत्रे शुद्ध कास्तिलियन, म्हणजे स्पेनमधल्या प्रमाण, उच्चारांचा आग्रह धरत, आणि लॅटिन अमेरिकेत तो उच्चार नाटकी वाटे. सगळ्यांना चालेल अशी स्पॅनिश तयार करण्याच्या प्रयत्नात ती कोणालाच आपली वाटेना.

मायदेशात आपल्या उच्चारांत बोलण्याची संधी लुपिताला 'सान्ता'ने दिली, म्हणून धागालेखकांनी त्याबद्दल लवकर लिहावे.

जाता जाता: स्पॅनिशमध्ये 'व्ह' आणि 'ब' यांत फरक नसल्यामुळे तिचे आडनाव 'तोबार' असे ऐकू येते. मराठीत रूढ होईल ते लिहावे. माझा हट्ट नाही.

---

पडद्यामागचा (धागालेखक)

शब्दखुणा, मी 'तोवार'च ठेवतो. एवढ्यावरून भांडण नको.

आता 'सान्ता'. 'ला वोलुंताद देल म्वेर्तो' मेक्सिकोत गेला तेव्हा त्याच्या प्रसिद्धीसाठी लुपिताही गेली. दोन वर्षांपूर्वी आजीचा हात धरून गावाबाहेर पडलेल्या मुलीच्या स्वागताला मेक्सिको सिटीत लोटलेली गर्दी पाहून ती बावरून गेली होती. पडद्यावर आपल्याच देशातील मुलगी आपल्याच भाषेत बोलते आहे, याचे लोकांना केवढे अप्रूप होते याची कल्पना यावरून येते. मेक्सिकोत बोलपट उद्योग उभारू पाहणाऱ्या मंडळींनी पहिल्या मोठ्या प्रयोगासाठी तिला बोलावले, यात म्हणूनच नवल नाही.

फेदेरिको गाम्बोआ या मुत्सद्दी लेखकाची 'सान्ता' ही कादंबरी १९०३ साली प्रसिद्ध झाली आणि मेक्सिकोत घराघरांत वाचली गेली. तेव्हा राजधानीबाहेर असलेल्या, आणि आता शहराच्या पोटात गेलेल्या, चिमालिस्ताक या खेड्यातील ही मुलगी. एक सैनिक अधिकारी तिला फसवून निघून जातो, घरचे तिला बाहेर काढतात आणि ती शहरातील कुंटणखान्यात येऊन पोहोचते. तिथला आंधळा पियानोवादक इपोलितो तिच्यावर मुकाट्याने प्रेम करत राहतो, ती मात्र एका बैलझुंजवाल्याबरोबर जाते, त्यालाही गमावते, आणि शेवटी आजाराने खंगून शस्त्रक्रियेच्या मेजावर मरते. या कादंबरीवर १९१८ साली एक मूकपट निघून गेला होता, म्हणजे कथा प्रेक्षकांना तोंडपाठ होती. नवा होता तो आवाज.

चित्रीकरण १९३१च्या अखेरीस सुरू झाले आणि ३० मार्च १९३२ रोजी मेक्सिको सिटीच्या सिने पालासिओत चित्रपट झळकला. हॉलीवूडच्या मूकपटांतील एके काळचे देखणे नायक, जन्माने स्पॅनिश असलेले आंतोनिओ मोरेनो दिग्दर्शनाला होते, आणि कॅमेऱ्यामागे अॅलेक्स फिलिप्स होते, जे पुढे मेक्सिकन चित्रपटाचे एक आधारस्तंभ बनले. खरी कामगिरी मात्र होसेलितो आणि रोबेर्तो या रोद्रिगेस बंधूंची. लॉस एंजेलिसमध्ये राहून त्यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण यंत्रणा तयार केली होती आणि त्यामुळे चित्रासोबतच फिल्मवर आवाज टिपता आला. मेक्सिकोत याआधीही बोलपटाचे प्रयत्न झाले होते, परंतु ते तबकडीवरच्या आवाजावर विसंबलेले होते आणि चित्र व आवाज यांचा मेळ बसत नसे. म्हणूनच मेक्सिकोच्या बोलपट उद्योगाची खरी सुरुवात 'सान्ता'पासून मानतात. आगुस्तिन लारा यांनी चित्रपटासाठी केलेले त्याच नावाचे गीत आजही गायले जाते.

चित्रपट म्हणून तो आज पाहताना मधूनमधून जड जातो, हे कबूल केले पाहिजे. नट वाक्य संपवतात, थांबतात, मग दुसरा बोलतो. ध्वनिमुद्रक नवा आहे हे त्या विरामांवरून कळते. लुपिता मात्र त्या विरामांत अवघडलेली दिसत नाही. ऐकण्याचे काम तिला येते. समोरचा बोलत असताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सतत चाललेले असते. मूकपटातून आलेली ती शिदोरी असावी.

---

सायंतारा

'सान्ता'मध्ये कुंटणखान्याची मालकीण दोन्या एल्विरा हिची भूमिका मिमी देर्बा यांनी केली आहे, हा तपशील इथे यायलाच हवा. गायिका आणि रंगभूमीवरील अभिनेत्री म्हणून नाव कमावलेल्या देर्बा यांनी १९१७ साली एन्रिके रोसास यांच्यासोबत 'आस्तेका फिल्म्स' ही कंपनी काढली होती. त्या एकाच वर्षात कंपनीने पाच चित्रपट केले. त्यांतील 'ला तिग्रेसा'चे दिग्दर्शनही देर्बा यांनीच केले असे अनेक अभ्यासक मानतात, आणि तसे असेल तर मेक्सिकोच्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक त्याच ठरतात. कंपनी टिकली नाही आणि त्या रंगभूमीकडे परतल्या.

पंधरा वर्षांनी त्या पुन्हा पडद्यावर आल्या, त्या नव्या नायिकेला खोलात ढकलणारी बाई बनून. स्वतःची निर्मितीसंस्था चालवलेली स्त्री आणि स्टुडिओच्या करारावर वाढलेली मुलगी एका चौकटीत दिसतात, तेव्हा कथेपेक्षा मला तेच पाहावेसे वाटते. देर्बा नंतर मेक्सिकन बोलपटांत कडक आया आणि श्रीमंत सासवा रंगवत राहिल्या.

---

वाटसरू_२

१९३२ हे साल वाचून थबकलो. 'सान्ता' प्रदर्शित होण्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारीत, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला होता. तोही एकाच सेटवर मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत केलेला. मग आपल्याकडे आणि युनिव्हर्सलमध्ये फरक काय?

---

रीळवेडी

फरक नटांचा. कोल्हापूरला दुर्गाबाई खोटे मराठीतही तारामती होत्या आणि हिंदीतही. गोविंदराव टेंबेही तसेच. दोन्ही भाषा बोलू शकणारे नट हाताशी असल्यामुळे दुसऱ्या संचाची गरजच नव्हती. लुगोसी यांना इंग्रजीच मोठ्या कष्टाने बोलता येई, ते स्पॅनिश कुठून बोलणार? त्यामुळे युनिव्हर्सलला आख्खी दुसरी मंडळी उभी करावी लागली. लॉरेल आणि हार्डी यांच्यासारख्यांनी फळ्यावर लिहिलेले स्पॅनिश उच्चार वाचून काम भागवले, पण विनोदी चित्रपटात ते खपून जाते. भयपटात काउंट अडखळला तर संपलेच.

शिवाय आपल्या द्विभाषी चित्रपटांची परंपरा पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. हॉलीवूडची ही पद्धत मात्र चारपाच वर्षांतच बहुतांशी आटोपली. ध्वनिमिश्रण सुधारले, दुसऱ्या भाषेतला आवाज चढवणे जमू लागले, तळाशी मजकूर छापणे स्वस्त पडू लागले, आणि दोन संचांचा खर्च कोणाला परवडेना. लुपिताला ज्या फटीतून आत शिरता आले होते, ती अशी बुजली.

---

जुना_तिकीटवाला

म्हणजे लेमली यांनी रात्रपाळी सुरू केली ती कोनर यांनी सुचवले म्हणून, असे धागालेखक म्हणतात. मला यात थोडी शंका आहे. पॅरामाउंटने पॅरिसजवळ झ्वांव्हिल येथे याच कामासाठी आख्खा कारखाना घातला होता, मेट्रो-गोल्डविन-मेयरही परभाषिक आवृत्त्या काढत होती. सगळा उद्योगच त्या दिशेने चालला असताना एका तरुणाच्या सूचनेवर सगळे श्रेय टाकणे हे घरगुती आख्यायिकेसारखे वाटते. आवडत्या मुलीने परत जाऊ नये म्हणून त्याने ही युक्ती काढली, अशीही जोड त्या गोष्टीला दिली जाते.

---

पडद्यामागचा (धागालेखक)

शंका रास्त आहे आणि मूळ लेखात मी ते वाक्य अधिक सावधपणे लिहायला हवे होते. ही हकीकत कुटुंबाकडून आली आहे. लुपिताने मुलाला सांगितलेल्या आठवणी २०११ साली पुस्तकरूपाने आल्या, त्यांतही ती येते. परभाषिक आवृत्त्यांची कल्पना कोनर यांची नव्हती, हे उघड आहे. युनिव्हर्सलमध्ये ती राबवण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि परभाषिक विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती, एवढे मात्र धरून चालायला हरकत नाही. नायिका कोण असावी हे ठरवताना मन कुणीकडे झुकले होते, हे पुढे जे घडले त्यावरून दिसतेच.

३० ऑक्टोबर १९३२ रोजी चेकोस्लोव्हाकियात, कोनर यांच्या आईवडिलांच्या घरी, दोघांचे लग्न झाले. 'सान्ता'ने तिला देशाची लाडकी करून फक्त सात महिने झाले होते. 'मेक्सिकोची प्रेयसी' असे बिरुद मिळालेली नटी आता बर्लिनमध्ये संसार मांडत होती, कारण युनिव्हर्सलच्या युरोपीय निर्मितीचे काम कोनर तिथून पाहत होते. काही महिन्यांतच हिटलर सत्तेवर आला. ज्यू निर्मात्याला बर्लिनमध्ये थारा राहिला नाही. त्या वर्षांत तिने स्पेनमध्ये 'विदास रोतास' हा चित्रपट केला, इंग्लंडमध्ये बस्टर कीटनसोबत एक विनोदी चित्रपट केला, आणि मग दोघे हॉलीवूडला परतले. 'सान्ता'नंतर लगेच मेक्सिकोत राहिली असती तर ती कुठे पोहोचली असती, हा प्रश्न मला वारंवार पडतो.

---

सायंतारा

मला हा प्रश्न थोडा अन्यायकारक वाटतो. १९३८ साली ती मेक्सिकोत परतून चित्रपट करून गेली. चानो उरुएता यांचा 'मारिया' हा त्यांतील महत्त्वाचा. १९४३ साली तोलस्तोयच्या कादंबरीवरील 'रेसुर्रेक्सिओन'मध्येही तिची मुख्य भूमिका होती. गंमत अशी की हीच कादंबरी युनिव्हर्सलने १९३१ साली स्पॅनिशमध्ये केली होती, तेव्हा नायिका लुपे वेलेस होती. म्हणजे मायदेशाची दारे तिला बंद नव्हती. दोलोरेस देल रिओ यांनी त्याच १९४३ साली हॉलीवूडला पाठ फिरवून एमिलिओ फेर्नांदेस यांच्या 'फ्लोर सिल्वेस्त्रे' आणि 'मारिया कांदेलारिया'तून दुसरे आयुष्य सुरू केले. लुपिताला दोन लहान मुले होती, नवऱ्याचा व्यवसाय लॉस एंजेलिसमध्ये होता, आणि तिने निवड केली. तिला त्याची खंत होती असे मला तिच्या कोणत्याही मुलाखतीत आढळले नाही.

हॉलीवूडने मात्र तिला काय दिले? 'बॉर्डर लॉ', 'द फायटिंग ग्रिंगो', 'साउथ ऑफ द बॉर्डर'. नावांवरूनच कळते की सीमेपलीकडची देखणी मुलगी यापलीकडे तिच्याकडे कोणी पाहिले नाही. १९३१च्या 'ईस्ट ऑफ बोर्निओ'मध्ये तर ती चक्क पौर्वात्य बेटावरची स्त्री आहे. सावळी छटा आणि काळे केस असले की कुठल्याही देशाची भूमिका चालते, असा तो हिशेब होता.

---

शब्दखुणा

'ईस्ट ऑफ बोर्निओ'चा उल्लेख झाला म्हणून सांगतो: जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन कलावंताने १९३६ साली त्या चित्रपटाची एक जुनी प्रत कापून, नायिका रोझ होबार्ट हिचीच दृश्ये जोडून एक छोटा प्रयोगपट केला, तो कलेच्या इतिहासात आजही अभ्यासला जातो. लुपिताचा चित्रपट अमर झाला, पण दुसरीच्या नावाने.

पॉल कोनर यांच्याविषयी अजून एक ओळ हवी. १९३८ साली त्यांनी स्वतःची कलावंत-प्रतिनिधी संस्था काढली. जॉन ह्यूस्टन, बिली वाइल्डर आणि पुढे इंगमार बर्गमन यांच्यासारखी दिग्दर्शक मंडळी त्यांच्याकडे होती. त्याच वर्षी दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांच्यासह त्यांनी युरोपियन फिल्म फंड उभा केला आणि नाझींपासून निसटलेल्या लेखक-कलावंतांसाठी पैसे, हमीपत्रे आणि नोकऱ्या मिळवल्या. हाइनरिश मान आणि आल्फ्रेड ड्योब्लिन या जर्मन लेखकांना स्टुडिओंची वर्षभराची कंत्राटे मिळाली ती याच प्रयत्नांतून. या निर्वासितांची कोनर यांच्या घरी नेहमी ऊठबस असे, आणि यजमानीण मेक्सिकन होती.

---

रीळवेडी

त्या घरातल्या पुढच्या पिढीबद्दल. मुलगी सुसान कोनर हिने १९५९च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ'मध्ये सारा जेनची भूमिका केली आणि तिला ऑस्कर नामांकन मिळाले. कृष्णवर्णीय आईची, पण गोरी दिसणारी आणि गोरी म्हणूनच जगू पाहणारी ही मुलगी. मेक्सिकन आई आणि बोहेमियन ज्यू वडील यांच्या पोटी जन्मलेल्या सुसानला ती भूमिका मिळाली, आणि तिने ती इतक्या त्वेषाने केली की आईच्या गच्चीवरच्या दृश्याची आठवण यावी. मुलगा पांचो निर्माता झाला. सुसानची मुले पॉल आणि क्रिस वाइट्झ हे दोघे 'अबाउट अ बॉय'चे दिग्दर्शक.

---

वाटसरू_२

'द्राकुला' मधल्या काळात हरवला होता, असे वाचले होते. ते खरे आहे का?

---

पडद्यामागचा (धागालेखक)

पूर्ण हरवला नव्हता, पण अपुरा उरला होता. अमेरिकेत राहिलेल्या मूळ फिल्मचे एक रीळ रसायने कुजून निकामी झाले होते. पुढे अभ्यासक डेव्हिड स्कॅल यांनी हवानाला जाऊन तिथल्या सिनेमातेका दे कूबा या चित्रपट-संग्रहालयात जपलेली प्रत पाहिली, आणि त्या प्रतीवरून निकामी झालेला भाग भरून काढण्यात आला. अमेरिका आणि क्यूबा यांचे संबंध ज्या काळात ताणलेले होते त्या काळात ते रीळ तिथे शांतपणे पडून होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९९२ साली पुनरुज्जीवित प्रत बाहेर आली आणि ऐंशी ओलांडलेली लुपिता तिची ओळख करून द्यायला कॅमेऱ्यापुढे बसली. माझ्या तबकडीवर होती ती हीच. २०१५ साली नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे अमेरिकेच्या जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, या चित्रपटाचा समावेश झाला तेव्हा ती १०५ वर्षांची होती आणि हयात होती. १२ नोव्हेंबर २०१६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिचे निधन झाले. पॉल कोनर १९८८ सालीच गेले होते.

तिचा शेवटचा चित्रपट १९४५चा 'द क्राइम डॉक्टर्स करेज'. दुय्यम दर्जाचा रहस्यपट आहे, मुद्दाम मिळवून पाहावा असा नाही. त्यात ती आणि तिचा भाऊ हे स्पॅनिश नर्तक आहेत, दिवसा कोणालाच दिसत नाहीत, आणि त्यामुळे ते रक्तपिपासू आहेत असा सगळ्यांना संशय असतो.